चूलबंद प्रयोग

रस्त्यात उभ्या माणसाने पुढे केलेला कागद कोल्हापुरात कुणी घेत नाही, आणि घेतलाच तर वाचण्यासाठी घेत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. सन अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एस.टी. स्टँडच्या दाराशी हँडबिलांचा गठ्ठा घेऊन मी स्वतः उभा होतो. मी म्हणजे पाटबंधारे खात्यातला कायम नोकरीचा माणूस; बी. कॉम., इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

पहिला कागद ज्याने घेतला तो गृहस्थ चार पावलं पुढे जाऊन परत आला, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, "पावणं, मूळव्याधीचं हाय का?"

"नाही हो. एकपात्री कार्यक्रम आहे. माझ्या मिसेसचा."

"मग नगो," म्हणून त्याने कागद माझ्या हातात परत ठेवला. "मूळव्याधीचं असतं तर घेतलं असतं."

दुसरे एक आजोबा गगनबावड्याच्या गाडीची वाट बघत होते. भर उन्हाळ्यात हातात छत्री, कारण गगनबावड्याचा माणूस आभाळावर विश्वास ठेवत नाही. चष्मा घरी राहिला म्हणून त्यांनी सगळा कागद माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. मग सोबतच्या पाहुण्यांसाठी पुन्हा एकदा. "झ्याक लिवलंय," म्हणाले, आणि गाडी लागल्यावर गगनबावड्याला निघून गेले. तिसरे आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं, आणि त्यांनी तोंडासमोर पेपर धरला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर मी सस्पेंड झाल्याची कुजबुज होती आणि एक शिपाई माझ्यासाठी वर्गणी काढायच्या बेतात होता. मी पगाराच्या दिवशी मुद्दाम कॉलर ताठ करून रांगेत उभा राहिलो, तेव्हा कुठे लोकांची खात्री पटली.

आता हा उद्योग मी का मांडला होता ते सांगतो.

माझी बायको शांभवी माणसांच्या नकला करते. नकला म्हटलेलं तिला आवडत नाही, म्हणून मी 'व्यक्तिचित्रं' म्हणतो. नळावरची बाई, भिशीची बाई, रेशनच्या रांगेत मध्येच घुसणारी बाई अशा बाराजणी ती एकटी उभी करते, आणि बाराही भांडतात. त्या कार्यक्रमाचं नाव 'एकटी बाराजणी'. गल्लीच्या गणपतीत, हळदीकुंकवात तिचं नाव झालं होतं. तिला एकदा खऱ्या रंगमंचावर, खऱ्या पडद्यामागून यायचं होतं. म्हणून आम्ही दोघं एका सभागृहाच्या कचेरीत गेलो. सभागृहाचं नाव सांगत नाही, कारण त्यांच्याशी आता माझे संबंध बरे आहेत.

तिथले व्यवस्थापक शिवलिंगअप्पा. त्यांनी शांभवीकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं, "म्हंजे बाईमाणसानं एकटीनं दोन तास बोलायचं, आन माणसांनी गप बसून ऐकायचं?"

"हो."

"साहेब, हे आमच्या घरात रोज हुतंय की. त्याला हॉल कशाला पायजे?"

मी काही बोलायच्या आत शांभवी म्हणाली, "एकदा लावून बघा की."

अप्पांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "फुकट लावा. फुकट तरी कोण येतंय बघू. शेवटचा पडदा पडताना निम्म्या खुर्च्यांवर माणूस दिसला तर पुढच्या रविवारची तारीख मी स्वतः देतो. न्हाय दिसला तर परत ह्या दारात यायचं न्हाय. कबूल?"

"कबूल," शांभवी म्हणाली.

परत येताना स्कूटरवर ती एक शब्द बोलली नाही. ही बाराजणींना बोलकं करणारी बाई, आणि मागच्या सीटवर चिडीचूप. मला राहवेना. मी मान मागे वळवून ओरडलो, "हॉल भरला नाही तर मिशी उतरवीन!" मला मिशी नाही. ही गोष्ट तिने त्या क्षणी काढली नाही, यावरून तिला किती लागलं होतं ते मला समजलं. तेव्हाच मी ठरवलं, आता माघार नाही.

हँडबिलं छापून घेतली ती ओळखीच्या प्रेसमध्ये. हा गृहस्थ बारा महिने लग्नपत्रिकाच छापतो. मी मजकूर दिला होता चार ओळींचा. त्याने वर गणपती बसवला आणि खाली 'आपण सहकुटुंब, सहपरिवार अगत्य येण्याचे करावे' अशी स्वतःची भर घातली. मी हरकत घेतली तर म्हणाला, "गणपतीबिगर आमच्या मशिनीतनं कागद भाईर पडत न्हाय." बरं, देवाला काढा असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? शुभकार्य आहे, राहू दे म्हटलं. ही माझी पहिली चूक. पण तेव्हा ती चूक वाटली नाही, भक्ती वाटली.

तर स्टँडवर मी वाटत होतो आणि लोक टाकत होते. थोड्या वेळात माझ्या भोवतीचा रस्ता गणपतींनी भरून गेला. एवढ्यात सफाईचे मुकादम आले.

"हे कागद कुणाचं?"

"माझे. म्हणजे मिसेसच्या कार्यक्रमाचे, मी दिलेत. पण टाकलेत लोकांनी."

"ज्याचा कागद त्यानं उचलायचा."

"अहो, पण ज्याने टाकला त्याने..."

"त्याचं नाव हाय का कागदावर? तुमच्या घरचं नाव हाय. उचला."

मी वाकून कागद गोळा करू लागलो. मी वाकलेला बघून दोघातिघांनी आपापले कागद आणून माझ्या हातात दिले. एकाने 'थँक्यू'सुद्धा म्हटलं. बी. कॉम. झालेल्या माणसाने भर स्टँडवर वाकून कागद वेचणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पण मी ते झटकले, सरळ केले आणि पुन्हा वाटायला लागलो. म्हटलं, तुम्ही टाका, मी उचलतो. बघू कुणाची कंबर आधी धरते.

कंबर माझीच धरली. शिवाय मुकादम जाताना म्हणाले होते, "परवानगी काढा, मग वाटा." म्हणून मी एका कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने सांगितलं, अर्जाला हँडबिल जोडा. जोडलं. मग म्हणाला, "ह्यावर परवानगीचा नंबर न्हाय छापलेला." मी म्हटलं, नंबर तुम्ही द्याल तेव्हा छापीन. तो म्हणाला, "नंबर छापलेलं हँडबिल जोडल्याबिगर आम्ही नंबर कसा देणार?" मीही सरकारी माणूस. ही खेळी आमच्या खात्यात नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पण आपल्यावर उलटल्यावर तिच्यातली कला दिसत नाही.

कचेरीच्या पायऱ्या उतरलो तेव्हा समोर लालासाबची भडंगाची गाडी होती. हा लालासाब दिवसा कचेरीसमोर आणि संध्याकाळी त्या सभागृहासमोर गाडी लावतो. त्याचं लसणीचं भडंग खाल्लं की बोटं दोन दिवस पिवळी राहतात. त्याने माझ्या काखेतला गठ्ठा चाचपून बघितला. "साहेब, रद्दी हाय का? कागद लई झ्याक हाय. पुडीला तेल भाईर येणार न्हाय."

"ही रद्दी नाही," मी म्हणालो. "ही कला आहे."

"आसंल की," लालासाब म्हणाला. "कलेचा कागद कवाबी जाडच असतोय."

मी गठ्ठा दुसऱ्या काखेत घेतला आणि निघालो. घरी येऊन गठ्ठा कॉटवर आदळला. शेजारच्या आक्का शेंगा निवडत आमच्याच दारात बसल्या होत्या. आक्कांचं माहेर नेसरी. तिकडे कानडी मुलूख जवळ, म्हणून त्या मला 'तम्मा' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. या गल्लीत कुणाच्या घरात काय शिजतंय याचा वास आणि सल्ला दोन्ही आक्कांकडे आधी पोचतं. आणि आमच्याकडच्या जुन्या बायकांसारख्या त्या 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, त्यामुळे त्यांचा सल्ला हुकमासारखा वाटतो.

"अय्य शिवने!" आक्का म्हणाल्या. "तम्मा, तू हे कागद रस्त्यात वाटलास? मडं उठलं म्हणून सांगत हिंडल्यागत? मी सांगतो, ऐक. माणसाला आवतण द्यायचं असतंय. घरात जायाचं. चप्पल काढायची. घरातलं म्हातारं माणूस बघायचं, त्याच्या हातात कागद द्यायचा, पाया पडायचं. कागदाच्या चारी कोपऱ्यास्नी हळद लावायची. मग बघू कोण येत न्हाय!"

"हळद कशाला, आक्का?"

"हळद न्हाय लावली तर आवतण न्हवं, बातमी हाय ती. आन एकट्याला सांगू नगोस. एकट्याला सांगितलं तर येक म्हातारं येतंय, बाकीची घरात टीव्ही बघत्यात. चूलबंद सांग."

चूलबंद आवतण म्हणजे काय हे मला माहीत होतं असं मला वाटत होतं. घरातल्या सगळ्यांना आमंत्रण. लहान, थोर, पाहुणा-रावळा, कुणी मागे राहायचं नाही. या शब्दातली चूल बंद का असते, इतक्या खोलात मी कधी गेलो नव्हतो. आमच्याकडे गॅस आहे.

शांभवीला मात्र शंका आली. "अहो, हळद लावून, घरी जाऊन... लोकांना लग्नबिग्न वाटेल."

"कागदावर कार्यक्रमाचं नाव आहे की," मी म्हणालो. "लोक काय अडाणी आहेत?" हे वाक्य मी अजून गिळतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी आणि आक्का हळदीची वाटी घेऊन बसलो. घरोघरी द्यायचे म्हणजे थोडेच कागद लागणार होते. उरलेला गठ्ठा शांभवीने संध्याकाळी लालासाबला देऊन टाकला, कॉटवर झोपायला जागा नाही म्हणून. कलेची पुडी होणार या विचाराने मी जेवलो नाही. ती दोन पोळ्या जास्त जेवली.

आणि मग मी आवतण द्यायला निघालो. खरं सांगतो, स्टँडवर ज्या कोल्हापूरने माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही, त्याच कोल्हापूरने घरात मला पाटावर बसवलं. प्रत्येक घरात चहा. नको म्हटलं तर राग. "आमच्यातला चा चालत न्हाय व्हय?" असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? चहाने माझं पोट डुचमळायला लागलं तरी मी मागे हटलो नाही. पलीकडच्या तालमीचे वस्ताद केरबा यांच्याकडे तर दूध आलं. पितळी पेला, म्हशीचं, धारोष्ण. केरबांनी उमेदीत मोठमोठी मैदानं मारलेली. त्यांच्यासमोर पेला अर्धा ठेवणं म्हणजे अखाड्यातून पळून जाणं. मी डोळे मिटून प्यायलो.

केरबांनी कागद घेतला, वाचला नाही. फक्त कोपऱ्यांची हळद बघितली आणि कपाळाला लावला. "एकट्याला, का चूलबंद?"

"चूलबंद!" मी ठणकावून सांगितलं. "घरातलं मांजरसुद्धा मागं ठेवायचं नाही, वस्ताद."

केरबांचे डोळे भरून आले. "आजकाल कोण सांगतंय हो चूलबंद," ते म्हणाले. "मन मोठं पायजे."

माझं मन मोठं आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी ते मोठं मन घेऊन पुढच्या गल्लीत गेलो.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी सभागृहाच्या दाराशी उभा होतो. आत शांभवी नऊवारी नेसून देवाचं नाव घेत होती. शिवलिंगअप्पा कचेरीच्या खिडकीतून रिकाम्या खुर्च्या बघत पान लावत होते. आणि रस्त्याच्या वळणावरून केरबा येताना दिसले. मागे दोन मुलगे, सुना, लेकी, जावई, कडेवरची, बोट धरलेली, आणि सगळ्यांत शेवटी तालमीतले चार पैलवान. केरबांनी माझ्या डोक्यावर पांढरी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात नारळ दिला.

मला भरून आलं. कलेची एवढी कदर! मी म्हणालो, "वस्ताद, ह्याची काय गरज होती?"

"रीत हाय," केरबा म्हणाले.

पुढच्या कुटुंबानेही टॉवेल-टोपी दिली. त्याच्या पुढच्याने शांभवीसाठी खण. एका बाईंनी स्टीलचा डबा दिला. थोड्या वेळात माझ्या डोक्यावर टोप्यांचा मनोरा झाला आणि खांदे टॉवेलांनी झाकून गेले. शिवलिंगअप्पा पान चावायचे थांबले. खाली खुर्च्या भरल्या, बाल्कनी भरली, पोरं पायऱ्यांवर बसली. मी खिडकीकडे बघून मिशीवर ताव दिला. म्हणजे जिथे असती तिथे.

मग नेसरीहून एक टेंपो आला. त्यातून आक्कांचं सगळं माहेर उतरलं.

"आक्का, हे सगळे?"

"चूलबंद म्हटलास की रं. माहेरलाबी फोन केला मी. सकाळधरनं कोण काय खाल्लं न्हाय बघ. म्हटलं, तम्माकडचं हाय, पोट मोकळं ठेवून या."

त्या वेळी एक लहान मुलगी आईच्या पदराला ओढून म्हणाली, "आये, भूक." आणि आई म्हणाली, "गप. हितंच जेवायचं हाय न्हवं?"

मी टोप्यांचा मनोरा सावरत आक्कांकडे वळलो.

"आक्का," मी विचारलं, "जेवण कुठलं?"

आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी धाकटा भाऊ नसून कुणी चोर आहे. "म्हंजे? आचारी न्हाय सांगितलास? चूलबंद सांगायचं म्हंजे लोकांनी घरात चूल पेटवायची न्हाय, तू जेवाय घालायचं! हळद लावून, घरात जाऊन, तोंडानं सांगून आलास. एवढं कळंना व्हय तुला? काय शिकलास रं तू?"

"बी. कॉम.," मी म्हणालो.

मग मीच पुन्हा म्हणालो, "पण कागदावर कार्यक्रम छापलाय!"

"मग? लग्नाच्या पत्रिकेवर तरी जेवाण हाय म्हणून कोण लिवतंय? लग्न लिवत्यात. जेवाण कळतंय."

आत तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला. आता एवढ्या माणसांना जेवू घालायचं म्हटलं तर अख्ख्या गल्लीच्या चुली लागल्या असत्या, आणि त्या सगळ्या मीच तर बंद करून आलो होतो.

पहिला अंक मी विंगेतून बघितला. लोक आधी जरा चुळबुळले. जेवणाआधी एवढं लांबण का, असा चेहरा होता. मग शांभवी नळावरची बाई झाली. बाल्कनीतून एक हसू फुटलं. भिशीची बाई आली तेव्हा पहिल्या रांगेतले पैलवान मांड्या थोपटायला लागले. रेशनच्या रांगेतल्या बाईला केरबांच्या धाकट्या सुनेने खुर्चीतूनच उलट उत्तर दिलं, आणि शांभवीने तिथल्या तिथे तिला असं झापलं की छप्पर उडायची वेळ आली. ही बाई मी रोज घरात बघतो. त्या दिवशी मला वाटलं, मी हिला कधी बघितलेलंच नाही.

मध्यंतर झालं. ती घामाघूम, हसऱ्या तोंडाने विंगेत आली आणि माझ्या डोक्यावरचा मनोरा बघून थांबली. मी सगळं सांगितलं. ती खाली स्टुलावर बसली.

"म्हणजे ही माणसं जेवायला आलीत," ती म्हणाली.

"हो, पण बसलीत! तू कुणाला काही बोलू नकोस. जेवण आहे असं वाटतंय तोवर कुणी उठणार नाही. शेवटचा पडदा पडू दे, अप्पांनी खुर्च्या मोजू दे, मग मी मागच्या दाराने..."

"तुम्ही मागच्या दाराने जा," शांभवी उठली. "मी पुढून जातो." ती चिडली की तिचंही 'मी जातो' होतं, माहेरचं कोडोलीचं रक्त.

"शांभवी, सगळे उठून जातील!"

"जाऊ देत. जेवणासाठी थांबलेली माणसं अप्पांना चालतील. मला नाही चालत. अप्पा खुर्च्या मोजणार, पण मला आतून कळणारच की."

मी तिला अडवायला हात पुढे केला, पण हातात नारळ होते. ती पडदा बाजूला सारून पुढे गेली. मध्यंतराचा गलका थांबला.

"मंडळी," ती म्हणाली, "एक सांगायचं हाय. जेवाण न्हाय."

खाली-वर सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"माझ्या नवऱ्यानं चूलबंद सांगितलं, ते त्यास्नी कळलं न्हाय. त्यांच्या मनात पाप नव्हतं, डोक्यात उजेड नव्हता. हितं फक्त मी हाय. अजून सहाजणी बाकी हायत माझ्याकडं. बसायचं त्यानं बसा."

केरबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज अखाड्यातला. "बाई, आम्ही चुली बंद करून आलोय. पोरं उपाशी हायत. आन आहेर केलाय आम्ही!"

"आहेर सगळा हाय. माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरच हाय. जाताना घेऊन जावा," शांभवी म्हणाली. "पण पैल्या अंकात जेवढं हसलाय, तेवढं मला परत देऊन जावा."

केरबा वळले आणि दाराकडे चालू लागले. मागून मुलगे, सुना, पैलवान. मग नेसरीकर. मग बाल्कनी. खुर्च्या खाड्खाड् मिटत गेल्या, आणि बघता बघता हॉल रिकामा झाला. आक्कासुद्धा गेल्या.

मी रंगमंचावर आलो. टोप्या, टॉवेल, नारळांसकट. शिवलिंगअप्पा खुर्च्यांच्या मधून हळूहळू चालत आले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मी मान्य करतो. "बाई बेस करत्यात," ते म्हणाले. "पण साहेब, बोली ती बोली. दिवे बंद करू?"

"घंटा द्या," शांभवी म्हणाली.

"कुणासाठी?"

"खुर्च्यांसाठी. मी दोन अंक ठरवलेत, दोन करणार. तुम्ही निम्म्या मोजा नाहीतर एक मोजा. घंटा द्या."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी टोप्या उतरवून खाली ठेवल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो. म्हटलं, एक खुर्ची तर भरली. शेजारच्या खुर्च्यांवर मी एकेक टॉवेल पसरत गेलो, ही माझी खोड. अप्पा विंगेकडे गेले. त्यांनी घंटा दिली.

घंटेचा आवाज विरला आणि दाराशी गलका झाला. केरबा आत येत होते. त्यांच्या दोन्ही हातांत पुड्या. मागे मुलगे, पुड्या. सुना, पुड्या. पैलवानांच्या हातात चारचार पुड्या. सगळ्यांच्या मागे लालासाब, डोक्यावर भडंगाचा अख्खा डबा घेऊन. त्याची गाडी बाहेर पुसून स्वच्छ झाली होती.

अप्पा धावले. "ओ वस्ताद! आत खायचं न्हाय! पाटी वाचा, पाटी!"

"पाटी ऱ्हाऊ द्या," केरबा म्हणाले. "आवतणाच्या घरात उपाशी बसायची आमची रीत न्हाय. आन अर्ध्यातनं उठायचीबी न्हाय. पोरांच्या पोटात काय तरी घालून आलोय. बाई, हसलेलं परत करायला काय जमणार न्हाय. तवा आहेर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, आन म्होरल्या सहाजणी काढा भाईर."

आक्कांनी जाता जाता एक पुडी अप्पांच्या हातात कोंबली. "खा. आन बस गप."

अप्पा बसले. दुसऱ्या अंकात एक तेरावी बाई भडंगवाल्याशी भांडत होती. ही बाई तिच्या बाराजणींत नव्हती, तिने तिथेच उभी केली. लालासाब डबा मांडीवर घेऊन उठून उठून तिला उत्तरं देत होता. शेवटचा पडदा पडला तेव्हा अप्पांनी खुर्च्या मोजल्या नाहीत. मोजायला त्यांना आपल्या खुर्चीवरून उठावं लागलं असतं, आणि ते डोळे पुसत होते; हसून की तिखटाने, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पुढच्या रविवारची तारीख मात्र त्यांनी तिथेच दिली.

सगळे गेल्यावर हॉलभर कागद पडले होते. अप्पांना पुन्हा आपली पाटी आठवली. "बघा काय केलंय," ते म्हणाले.

"ज्याचा कागद त्यानं उचलायचा," मी म्हणालो, आणि वाकलो.

एकेक पुडी मी उलगडून बघत होतो. वर गणपती, मध्ये शांभवीचं नाव, खाली अगत्य येण्याचे करावे. स्टँडवर कुणी न घेतलेले माझेच कागद, शेवटी योग्य माणसाच्या हातात पडलेले. भडंग खाऊन प्रत्येकाने कागद धरला होता, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यांना पिवळी बोटं उमटली होती.

"साहेब, ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले. "सकाळी झाडूवाली येतीय."

"झाडूवालीला हात लावू देणार नाही," मी म्हणालो. "हळद लागलीय त्यांना."

शांभवी पडद्यामागून आली, पदर खोचला, आणि दुसऱ्या टोकाकडून उचलायला लागली.